दाखवलेली खूण, तपासलेली खूण: नव्या शहरातल्या पहिल्या दिवाळीसाठी

माझा भाचा लातूरहून पुण्यात नोकरीला आला तो दिवाळीच्या तोंडावर. पहिला पगार, भाड्याची वन बीएचके, तीन पोरं मिळून. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी तो तपकीर गल्लीत, म्हणजे इथल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, फुटपाथवरून दिव्यांच्या चार माळा घेऊन थेट माझ्याकडे आला. "आत्या, एकशेवीसला एक. आणि आयएसआय आहे, हे बघ." खोक्यावर आयएसआयचं चित्र होतं खरं. पण त्याच्या वर क्रमांक नाही, खाली क्रमांक नाही, नुसतंच चित्र. त्याच आठवड्यात त्याच्या रूममेटला 'मुंबई पोलिसां'चा व्हिडिओ कॉल येऊन गेला होता. त्या साहेबांनीही ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरलं होतं.

मला या दोन गोष्टी एकाच जातीच्या वाटल्या. विकणारा किंवा फोन करणारा स्वतःच्या हाताने जी खूण दाखवतो, ते फक्त त्याचं म्हणणं झालं. ते खरं की खोटं हे आपण आपल्या वाटेने जाऊन बघायचं असतं, त्याने दाखवलेल्या वाटेने नाही. त्या शनिवारी पोहे खात खात भाच्याला जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. नव्याने घर थाटणाऱ्या कुणालाही चालेल.

पायरी १: खोकं उलटा

विजेच्या वस्तूंवर आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेच्या खुणा भेटतात. वायर, प्लग, स्विच, इस्त्री, गिझर यांच्यावर आयएसआय. ती पूर्ण असेल तर खुणेच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक असतो (घरगुती वायरसाठी आयएस ६९४, प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३) आणि पायाशी 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब, अडॅप्टर आणि दिव्यांच्या माळा यांची गोष्ट वेगळी. त्यांना सक्तीची नोंदणी लागते आणि त्या खुणेसोबत 'आर-' आणि पुढे आठ आकडे असतात. म्हणजे भाच्याच्या खोक्यावरची खूण नुसती अर्धवट नव्हती, ती त्या मालाची खूणच नव्हती.

आता तपासणी. फोनवर 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप घ्या (बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो, या खुणा देणारी संस्था). त्यात परवाना क्रमांक टाकायची एक जागा आहे, आर-क्रमांक टाकायची दुसरी आणि दागिन्यांसाठी तिसरी. क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कुठल्या मालासाठी नोंदणी आहे आणि ती चालू आहे की संपली, हे सगळं समोर येतं. खोक्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. मालही जुळला पाहिजे, कारण चार्जरचा क्रमांक माळेच्या खोक्यावर छापायला कुणाचे हात बांधलेले नाहीत. दुकानात उभं राहून हे करायला मिनिटभर लागतं. दुकानदार म्हणेल, "अहो, सगळे हेच नेतात." नेतात, त्यात काही खोटं नाही.

आमच्या चारपैकी एकाही माळेवर टाकायला क्रमांकच नव्हता. पण एकशेवीस गुणिले चार मोजून झाले होते आणि भाच्याचा चेहरा पडला होता, म्हणून एक माळ आम्ही उघडून बघितली. त्या उघडण्यात तो जेवढं शिकला तेवढं माझ्या बोलण्यातून शिकला नसता.

पायरी २: माळेच्या आत काय असतं ते एकदा बघून घ्या

स्वस्त माळेत ट्रान्सफॉर्मर नसतो. एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. कारागीर काय करतो, साठ-सत्तर दिवे एकामागे एक ओळीत जोडतो, म्हणजे घरातले २३० व्होल्ट त्यांच्यात आपोआप वाटले जातात. दिवे छान लागतात. पण वाटणी दिव्यांमध्ये झालेली असते, तुमच्यात नाही. एखाद्या दिव्याच्या पायाशी वायरचं कव्हर मागे सरकलं असेल, तिथे बोट लागलं आणि पाय ओल्या गॅलरीत असतील, तर अंगातून जमिनीकडे जाणारी वीज सरळ घरच्या लाइनची.

आम्ही भिंग घेऊन बसलो. पहिल्या हातभर लांबीतच दोन दिव्यांच्या बुडाशी तांब्याचे केस बाहेर आलेले. सांधे सोल्डर केलेले, पण वर टेप नाही, फक्त रबराची नळी ओढलेली, आणि ती बोटाने सहज मागे सरकत होती. वायर इतकी बारीक की चिमटीत जाणवेना. आठ तऱ्हेने लुकलुकवणारी ती हिरवी पेटी उघडली तर आत एक छोटी चिप आणि चार-दोन सुटे भाग. फ्यूज नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या माळांचा प्लग दोन पिनांचा. तो उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे फेज कुठल्या तारेत जाईल याचा नेम नाही. पेटीवरचं बटण दाबून माळ विझवली तरी तारेत फेज राहू शकते. म्हणून माळ हलवायची, सुटलेला दिवा नीट करायचा किंवा पोराने ओढलेली गाठ सोडवायची असेल, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करून प्लग बाहेर काढायचा. विझली आहे म्हणून हात लावायचा नाही.

यापेक्षा बरा पर्याय म्हणजे अडॅप्टरवर चालणारी माळ, ५ किंवा १२ किंवा २४ व्होल्टची. शंभर-दीडशे रुपये जास्त पडतात. घरात लहान मूल, मांजर किंवा पाण्याची बादली यांपैकी काहीही असेल तर मी दुसरी माळ आणूच देत नाही. अर्थात अडॅप्टरवरही तो आर-क्रमांक बघायचा, कारण २३० व्होल्ट आता त्याच्या पोटात आहेत.

पायरी ३: लावताना

गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला माळ गुंडाळणं ही आपली आवडती पद्धत, आणि सगळ्यात वाईटही. कव्हर सुटलेल्या एका जागेमुळे पूर्ण ग्रिल शॉक द्यायला लागतं. खालच्या मजल्यावरच्या काकू टॉवेल वाळत घालायला हात लावतात तेव्हा कळतं. ग्रिल आणि माळ यांच्यामध्ये लाकडी पट्टी किंवा पीव्हीसी पाइप ठेवा. बांधायला प्लास्टिकचे टाय किंवा सुतळी वापरा, तार नको, खिळा तर नकोच. बाहेर लावायच्या माळेच्या खोक्यावर आयपी ४४ (पाणी-धूळ आत शिरू न देण्याची पातळी) किंवा त्याहून वरचा आकडा असावा. नसेल तर ती घरातली माळ समजा. दिवाळीत पाऊस पडत नाही हे पूर्वीचं झालं.

आकाशकंदिलात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब अजूनही लोक घालतात. तो कागदाला भाजतो. ५ किंवा ९ वॅटचा एलईडी बल्ब घाला, होल्डरची वायर अखंड ठेवा आणि कंदील वायरला नाही तर दोरीला टांगा.

एका एक्स्टेंशन बोर्डात चार माळा चालतील, त्यांचा भार थोडा असतो. त्याच बोर्डात इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड घुसवला की बोर्ड वितळतो. बोर्डाच्या बाबतीत लोक विसरतात ते हेच.

आता मुख्य काम. मेन बोर्डाचं झाकण उघडा आणि 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद स्विच शोधा. इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबी म्हणतात, नवीन प्रकार आरसीसीबी. त्यावर ३० एमए लिहिलेलं हवं. तो काय करतो, तर गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपियरची गळती दिसली, म्हणजे ती कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली असू शकते, की क्षणात घर बंद करतो. बाजूचे अरुंद एमसीबी हे काम करत नाहीत. ते वायर जळू नये म्हणून असतात, आणि माणसाचा जीव घेणारी वीज त्यांच्या हिशेबात इतकी किरकोळ असते की ते ढिम्म राहतात. टेस्टचं बटण दाबा. घर अंधारलं तर ईएलसीबी जिवंत आहे. काहीच झालं नाही तर तो नुसता शोभेचा. भाच्याच्या भाड्याच्या घरात तो नव्हताच. घरमालकांना फोन केला, त्यांनी "बघू" म्हटलं, मग पोरांनी स्वतः वर्गणी काढून बसवून घेतला आणि भाड्यातून वळते करायचं ठरलं. घर बघायला जाल तेव्हा नळाला पाणी येतं का ते बघतो ना, तसं हे बटणही दाबून बघा.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला ओढायला धावू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला बाजूला करा. मग १०८.

पायरी ४: गॅस, बाथरूम, डोकं

सिलिंडर दारात आला की दोन गोष्टी. कड्यावर टाकीचं रिकामं वजन कोरलेलं किंवा रंगवलेलं असतं. समजा १५.३ किलो आहे, तर भरलेला सिलिंडर २९.५ भरला पाहिजे, कारण आत १४.२ किलो गॅस असतो. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असणं अपेक्षित आहे, मागा. कड्याच्या आतल्या बाजूला 'बी-२८' असं काहीतरी असतं, ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही, परत द्यायची. नळीवर आयएस ९५७३ बघा आणि पाच वर्षांनी ती बदला. वास आला तर कुठलंच बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर जा आणि तिथून १९०६ ला फोन करा.

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत असेल तर तो वापरू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला गुंगी येते आणि कडी आतून लावलेली असते. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. घरमालक म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय," तरी.

हेल्मेट घेताना आयएस ४१५१ आणि तोच परवाना क्रमांक बघा, तोच ॲप उघडा. रस्त्याकडेला दोनशे रुपयांत मिळतं ते टोपी म्हणून चांगलं आहे.

आणि ऑनलाइन घेतलं म्हणजे कुणीतरी आधी तपासलं असेल, असं धरू नका. मानकात न बसणारे प्रेशर कुकर आपल्या साइटवरून विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मोठ्या ऑनलाइन बाजारांनाच दंड केला होता.

पायरी ५: मिठाई आणि सोनं

मिठाईवाला खोक्यासकट तोलत असेल तर थांबवा. खोकं वजनात धरणं नियमात बसत नाही, आणि काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा घेण्याची हौस कुणाला असते. सुट्या मिठाईच्या ताटासमोर 'कधीपर्यंत खावी' याची पाटी असावी, हा नियम ऑक्टोबर २०२० पासूनचा आहे. खव्याच्या मिठाईसमोर ती पाटी नसेल तर बेसनाचे लाडू घ्या. भेसळीचा संशय असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा क्रमांक आहे.

पाडव्याला गुंजभर तरी सोनं घ्यायचंच असेल तर दागिन्यावर तीन खुणा भिंगातून बघा: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरटला ९१६) आणि अंक-अक्षरं मिळून सहा जागांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याच्याशिवाय विकता येत नाही. तो कोड 'बीआयएस केअर'मध्ये टाका. हातात अंगठी आणि ॲपमध्ये कर्णफुलं आली, तर काय समजायचं ते समजा.

पायरी ६: फोन

रूममेटची हकिगत आधी सांगते. मुलगा साताऱ्याकडचा, इंजिनिअर, बावळट अजिबात नाही. सकाळी अकराला फोन. तुमच्या आधारवर बुक झालेलं पार्सल मुंबईत अडवलंय, त्यात पाच पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडले. "माझं नाही." मग तक्रार नोंदवा, लगेच जोडून देतो. व्हिडिओ सुरू झाला. खाकी गणवेश, मागे निळी पाटी, टेबलावर झेंडा. दाराला कडी घाल. कॅमेरा बंद करू नकोस. घरी सांगितलंस तर वडिलांनाही आरोपी करू. पोरगा दोन तास दहा मिनिटं पलंगाच्या कडेला बसून होता. मध्ये त्याने त्या माणसाला विचारलं, "साहेब, पाणी प्यायला जाऊ का?" खात्यात २८ हजार होते. 'पडताळणीसाठी' ते एका खात्यात पाठवायचे, संध्याकाळी परत येणार. तेवढ्यात भाचा जेवायला घरी आला आणि दार वाजवत राहिला. त्याने फोन हातात घेऊन विचारलं, "कुठलं ठाणं? आम्ही तिथेच येतो." कॉल कट.

'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. चौकशीला हजर राहण्याची नोटीसही पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या टोळ्यांचा तपास सीबीआयकडे दिला. व्हिडिओवर अटक होत नाही, जामीन मिळत नाही आणि पैसे 'तपासले' जात नाहीत.

काय करायचं, तर फोन ठेवायचा. उद्धट वाटेल, वाटू द्या. काळजी वाटत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात पायी जा किंवा ११२ लावा. त्यांनी दिलेल्या नंबरवर, त्यांनी जोडून दिलेल्या साहेबाकडे किंवा त्यांनी पाठवलेल्या लिंकवर खातरजमा करणं म्हणजे चोराला विचारून कुलूप तपासणं.

बाकीचे प्रकार भराभर, पण नव्या शहरात आलेल्यांना हमखास भेटणारे.

'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या मोबाइलवर संपर्क करा.' थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असं वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे. कुणा 'अधिकाऱ्याच्या' खासगी मोबाइलवर फोन करून वीज वाचत नसते. बिलावरचा ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपमध्ये टाकून थकबाकी बघा, किंवा १९१२.

भाड्याचं घर. फोटो झकास, भाडं आसपासच्यापेक्षा चार हजारांनी कमी, मालक सैन्यात आणि बदली राजस्थानात. घर बघायला जाण्याआधी 'गेट पास'चे दोन हजार भरा, परत मिळतील. कॅन्टीनचं कार्ड, आधार, गणवेशातला फोटो सगळं पाठवतो, न मागता. न मागता आलेलं ओळखपत्र बघून मला तर धडकीच भरते. त्या इमारतीच्या वॉचमनला जाऊन विचारा, तो एका मिनिटात सांगतो. चावी फिरवून घर बघितल्याशिवाय एक रुपया नाही.

यूपीआय. पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला पिन नाही आणि क्यूआर स्कॅन करणंही नाही. ओळखीपाळखीत 'रिक्वेस्ट' पाठवून पैसे मागायची सोय तर ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली आहे. 'चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत करा,' असं कुणी रडत सांगितलं तर मेसेज बघू नका, बँकेच्या ॲपमधली शिल्लक बघा. खरंच आले असतील तरी स्वतः परत पाठवू नका, बँकेला कळवा, ती उलटवेल. तुम्ही काही विकत असाल तर समोरच्याच्या मोबाइलवर दिसणाऱ्या 'पैसे गेले'च्या हिरव्या खुणेवर विसंबून माल सोडू नका.

लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेची केवायसी या नावाने येणारी, शेवटी 'डॉट एपीके' असलेली फाइल. ती फाइल नसून ॲप असतं, आणि उघडलं की तुमचे मेसेज वाचायला लागतं, म्हणजे ओटीपीसुद्धा. मावशीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण मावशीचा फोन आधीच गेलेला असतो. चलान खरं आहे का ते महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसतं.

कस्टमर केअर. इथे मी स्वतः फसता फसता राहिले, म्हणून फार शहाणपणा करत नाही. वॉशिंग मशीन बंद पडलं, इंटरनेटवर शोधलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. माणूस गोड. "दहा रुपये नोंदणी भरा आणि हे ॲप घ्या, मी इकडून बघतो." ॲप होतं माझी स्क्रीन त्याला दाखवणारं. मी ते घेतलंसुद्धा. यूपीआय उघडणार इतक्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला उठले. तेवढ्या वेळात डोकं ताळ्यावर आलं. तेव्हापासून नंबर घ्यायचा तो कार्डाच्या पाठीवरून, बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून.

फोनमधले काही संकेत उपयोगाचे आहेत. कंपन्यांकडून येणाऱ्या एसएमएसच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइलवरून आला तर तो बँकेचा नाही. बँका आणि विमा कंपन्यांनी ग्राहकांना १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून फोन करायचा, असा नियम टप्प्याटप्प्याने आला आहे. पण १६०० वरूनही कुणी ओटीपी मागितला तर ठेवायचाच. अशा फोन-मेसेजची तक्रार संचार साथी ॲपमधल्या 'चक्षू'मध्ये टाकता येते. तिथेच आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही बघा, मजेशीर आकडे निघतात.

एक ताकीद खास विद्यार्थ्यांसाठी. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो," म्हणणारा सीनियर भेटेल. लोकांचे लुटलेले पैसे याच खात्यांतून फिरतात, आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात.

पायरी ७: पैसे गेलेच तर

लाज वाटण्यात लोक पहिला तास घालवतात आणि तोच तास सगळ्यात मोलाचा असतो. गेलेले पैसे चोर एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात ढकलत असतो. मध्येच कुठे अडवता आले तर तिथे थांबवून ठेवले जातात.

म्हणून आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. लागला नाही तर लावत राहा, दरम्यान दुसऱ्याला राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरायला बसवा. हाताशी हवं: किती वाजता, किती रुपये, कुठल्या खात्यातून आणि यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक. मग बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. काही पुसू नका, चॅट तर नाहीच. कुणाच्या सांगण्यावरून *४०१* असं काही डायल केलं असेल तर तुमचे फोन दुसरीकडे वळलेले असू शकतात. ##००२# डायल केलं की वळवणं रद्द होतं.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि तुम्ही व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. सातव्या कामाच्या दिवसापर्यंत मर्यादित पडतं. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे त्या परिस्थितीतही मिनिटं मोजायची आहेत. तक्रार तोंडी ठेवू नका, शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या.

आठवडाभराने आणखी एक फोन येईल: "तुमचे पैसे सापडलेत, सोडवायची फी भरा." हा पहिल्याचाच भाऊ.

पायरी ८: वस्तूबद्दलची तक्रार

हे फोनच्या मानाने सोपं आहे, फक्त बिल हवं. बिलाशिवाय दहा टक्के सूट हा सौदा मला कधी कळलेला नाही. आधी दुकानाला लेखी कळवा, ईमेल चालतो. उत्तर नाही आलं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. माझ्या एका मिक्सरचं भांडं दुसऱ्या महिन्यात तडकलं, कंपनी तीन आठवडे नुसते तिकीट क्रमांक देत होती. १९१५ वर नोंदवल्यावर नऊ दिवसांत नवं भांडं आलं. सगळ्यांचं असं होतंच असं नाही. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून हे सगळं 'ई-जागृती'वर ऑनलाइन भरता येतं. खोट्या खुणेच्या मालाची तक्रार मात्र 'बीआयएस केअर'मधून करा, फोटोसकट.

पायरी ९: घरच्यांसाठी एक प्रश्न

आवाजाची नक्कल करून "आई, अपघात झालाय, पैसे पाठव," असे फोन येऊ लागलेत. म्हणून घरात एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर सापडणार नाही. वाढदिवस, शाळा, कुत्र्याचं नाव यातलं काही नको. आमचा प्रश्न आजोळच्या विहिरीबद्दल आहे, इथे लिहीत नाही.

गेल्या महिन्यात रात्री दहाला अनोळखी नंबरवरून फोन आला. "आत्या, माझा मोबाइल रिक्षात राहिला, मित्राच्या फोनवरून बोलतोय, पाचशे रुपये पाठव ना." आवाज त्याचाच. मी विहिरीबद्दल विचारलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग चिडका सुस्कारा. "आत्या, अगं मीच आहे!" मी म्हटलं, ते तू सांगतोयस. मग त्याने उत्तर दिलं, बरोबर दिलं, आणि मी पाचशेऐवजी हजार पाठवले.